चेहरा जागेवर राहीना

"माझं बोट हलतंय का?" डॉक्टर तामारा इसायेव्नांनी विचारलं.

"बोटाचं काय घेऊन बसलात," अपा म्हणाली. "तुम्ही हलताय, तुमचं टेबल हलतंय, भिंतीवरचा तो नकाशा हलतोय. मी तेवढी एका जागी बसलेय."

डॉक्टरबाई हसल्या. शेजारी उभ्या असलेल्या शायरगुलला हसू आलं नाही. अपा म्हणजे तिची आई, आणि आईचा हा विनोद तिने गावी नारीनच्या दवाखान्यात ऐकला होता, राजधानी बिश्केकमधल्या आधीच्या डॉक्टरांपुढे ऐकला होता, भाड्याच्या गाडीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसांपुढेही ऐकला होता. प्रत्येक वेळी लोक हसत आणि अपाला जे खरोखर सांगायचं असे ते त्या हसण्यात विरून जाई.

अपाचे दोन्ही डोळे वर-खाली झुलत होते. फार नाही, थोडेसेच. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई घाईघाईने काहीतरी वाचते आहे. पण ते थांबत नसत. दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या खोडात एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली, अपाचं तोंड वाकडं झालं, ती पाय ओढत चालू लागली. त्यातून ती उठली. तोंड सरळ झालं, पाय सुधारला, घरी मेंढी कापून जेवण घातलं गेलं. आणि सगळे निर्धास्त झाल्यावर, काही महिन्यांनी, डोळे झुलायला लागले. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून खडकाळ वाटेने जाताना जसं दिसतं तसं दिसतं, असं ती सांगे. फक्त ट्रक कधी मुक्कामाला पोचत नाही.

"गोळ्या रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज."

"तीनदा?"

"तीनदा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एकदाही चुकले नाही."

"झोप येते? तोल जातो?"

"झोप या वयात नाही यायची तर कधी? तोल माझा नाही जात, जमिनीचा जातो."

डॉक्टर पुन्हा हसल्या, पण या वेळी हसता हसता लिहू लागल्या. लिहून झाल्यावर त्यांनी शायरगुलकडे पाहिलं. "हिवाळ्यात आपण एका वेळच्या एका गोळीच्या दोन केल्या. या मात्रेवर फरक पडायचा तर एव्हाना पडायला हवा होता. यांच्या डोळ्यांत मला काडीचा बदल दिसत नाही."

"आणखी वाढवून बघू या ना."

"वय बघा. मूत्रपिंडाचे आकडे बघा. आधीच अडखळत चालणाऱ्या बाईला आणखी गुंगीचं औषध देऊन मी तिचं हाड मोडू का? नाही. हळूहळू कमी करत बंद करा. काही लोकांना हे लागू पडतं, काहींना नाही. यांना नाही पडलं."

"दुसरं काही?"

"आहे एक. पण ते आपल्याकडे मिळत नाही, आणि बाहेरून मागवलंत तरी उपयोग होईलच असं मी म्हणणार नाही."

अपा खुर्चीतून उठली, रुमाल नीट बांधला आणि डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शायरगुलला वाटलं, टेबलावरचं काहीतरी उचलून आपटावं.

कारण ते औषध मिळवायला काय पडलं होतं ते तिलाच ठाऊक. नारीनच्या औषधाच्या दुकानातल्या बाईने गॅबापेंटिन हे नाव वाचताच चिठ्ठी परत सरकवली होती. "हे आम्ही ठेवत नाही. पोरं नशेसाठी घेतात."

"माझी आई सदुसष्ट वर्षांची आहे."

"सगळे आईचंच नाव सांगतात, एजे," ती म्हणाली. एजे म्हणजे ताई.

मग बिश्केक. तिथल्या दुकानाला चिठ्ठीवर डॉक्टरचा गोल शिक्का हवा आणि दवाखान्याचा त्रिकोणी शिक्काही हवा. गोल शिक्का डॉक्टरांच्या खिशात असे. त्रिकोणी शिक्का एका नर्सच्या कपाटात, कपाटाची किल्ली नर्सकडे, आणि नर्स भावाच्या लग्नाला गेलेली. पुढच्या खेपेला शिक्का उमटला, पण पुसट. दुकानदाराने चिठ्ठी उजेडाकडे धरून पाहिली, मग शायरगुलच्या डोळ्यांत टॉर्च मारावा तसं पाहिलं. ही कसली मास्तरीण, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती खरंच मास्तरीण होती. नारीनच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि दर महिन्याला एक दिवस वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात मारून बिश्केकला जायची, म्हणून हेडमास्तरीणबाई सगळ्यांसमोर विचारत, "काय शायरगुल, या वेळी पण आई का?" घटस्फोट होऊन माहेरी परतलेल्या बाईने महिन्याला राजधानीत जायचं, याचा अर्थ शाळेतल्या बायकांनी केव्हाच लावून टाकला होता.

एवढं करून आणलेलं औषध, आणि यांना नाही पडलं.

परतीच्या गाडीत अपा डोळे मिटून बसली. डोळे मिटले की जग थांबतं, म्हणून लांबच्या प्रवासात ती कधी उघडत नसे. दोलोनची खिंड आली तेव्हा गाडीवाल्याने खिडक्या वर करायला सांगितलं. अपा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बर्फ आहे का?"

"शेंड्यांवर आहे."

"जाझगुलचं बाळ बर्फ पडायच्या आत यायला हवं."

जाझगुल ही शायरगुलची धाकटी बहीण. गेल्या वर्षी तिला आत-बाशी गावात दिली होती, आणि आता तिचे दिवस भरत आले होते.

"जावयाचा चेहरा मी अजून धड पाहिलेला नाही," अपा म्हणाली. "लग्नात तो समोर येऊन उभा राहिला तर मला दोन कपाळं आणि चार भुवया. कुठल्या कपाळाचा मुका घ्यावा ते कळेना. हवेतच घेतला."

"सामातला कळलं नाही."

"त्याला कळलं. मोठा गुणी आहे, कपाळ घेऊन पुढे आला." तिने रुमाल कानावर ओढला. "आता बाळाचंही असंच व्हायचं. शायरगुल, मला वाचायला नको, शिवायला नको. एक चेहरा जागेवर राहिलेला बघायचा होता. त्या लेकराचा. दुसरं मी काही मागत नव्हते."

"औषध लागूच नाही पडलं, अपा. काय करणार?"

अपाने डोळे उघडले, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग पुन्हा मिटले.

बाळ बर्फाच्या आत आलं. मुलगी झाली. पाळणा आईच्या माहेरचा, म्हणून अपाने तो गावातल्या सुताराकडून करून घेतला, गादी-उशी शेजारणीकडून शिवून घेतली. दुसऱ्याच्या हातचे टाके बघून तिने नाक मुरडलं, पण ते टाके तिला नेमके दिसत नसल्यामुळे हात फिरवून मुरडलं. ऑक्टोबरात, बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी, दोघी पाळणा गाडीच्या टपावर बांधून आत-बाशीला गेल्या.

विहीण दारातच उभी होती. बुर्माकान तिचं नाव, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. "कुदागी! या, या! पाळणा आला, पाळणा आला!" व्याह्यांच्या घरच्या बाईला तिकडे कुदागी म्हणतात. दोघी विहिणी एकमेकींना कुदागी म्हणत मिठी मारून इतका वेळ उभ्या राहिल्या की मागे पाळणा डोक्यावर धरलेला गाडीवाला म्हणाला, "अहो, मी पण आत येऊ का?"

अपाला बैठकीत दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. बाळाला तिच्या मांडीवर दिलं. अपाने मान वाकडी केली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, बाळाला जवळ धरलं, लांब धरलं. शेवटी तिने दोन्ही डोळे मिटले आणि बोटांनीच बाळाचं कपाळ, नाक, हनुवटी बघितली. शायरगुल उठून बाहेर गेली.

बुर्माकान तिच्या मागोमाग आली. "शायरगुल, बाई, बरं झालं भेटलीस. काचेच्या कपाटातले चांगले वाडगे काढ ना. माझे हात पिठाचे आहेत." आणि तिने कमरेची किल्ली काढून दिली.

काचेचं कपाट मागच्या खोलीत होतं. खालच्या कप्प्यात वाडगे, मधल्यात चहाचा निळा संच, आणि सगळ्यात वर, आहेरात आलेल्या कापडांच्या घड्यांशेजारी, चकचकीत चंदेरी पट्ट्यांची एक चळत. लाल लोकरीच्या धाग्याने बांधलेल्या लहान लहान गड्ड्या. धाग्याची गाठ शायरगुलने ओळखली. अशी गाठ फक्त अपा मारायची. दोनदा फिरवून मधून काढलेली. तिने एक गड्डी उचलली. गॅबापेंटिन. पट्ट्या अर्ध्या कापलेल्या होत्या. एकही कॅप्सूल फोडलेली नव्हती.

वाडगे न काढता ती तशीच उभी राहिली. बुर्माकान पिठाचे हात पुसत आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"कुदागी, हे काय आहे?"

"हळू बोल. तुझ्या आईचं औषध आहे."

"ते मला माहीत आहे. तुमच्या कपाटात काय करतंय?"

बुर्माकान लाकडी पेटीवर बसली. एवढी मोठी बाई एकदम लहान दिसायला लागली. "हिवाळ्यात मी तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा तुझी आई हे घेत होती. मी आपलं बोलायला काहीतरी म्हणून म्हटलं, माझीही पापणी महिनाभर फडफडतेय. बस, एवढंच म्हटलं. तिने तिथल्या तिथे कात्री घेतली, पट्ट्या अर्ध्या कापल्या, धाग्याने बांधल्या आणि माझ्या पिशवीत घातल्या."

"नको म्हणायचं."

"नको म्हणू?" बुर्माकानने तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "जाझगुलला या घरात येऊन हिवाळासुद्धा सरला नव्हता. सुनेच्या आईने हातात ठेवलेली वस्तू मी परत सारू? तुझी आई घरी जाऊन काय म्हणाली असती? विहिणीला आमच्याकडचं चालत नाही. मग तिला माझ्या पोरासकट सगळ्यांचा राग आला असता. मी ठेवून घेतल्या. पापणी तर त्याच आठवड्यात आपोआप फडफडायची राहिली."

"मग पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात टॅक्सीवाल्याबरोबर आल्या. मी काय करणार? मी लोणी पाठवलं."

शायरगुलने हातातली गड्डी कपाटात परत ठेवली. ते लोणी. मेंढीच्या धुतलेल्या जठराच्या पिशवीत भरून दर महिन्याला आत-बाशीहून येणारं, पिवळंधमक, गवताचा वास असलेलं लोणी. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती ते पावाला लावून खायची आणि अपाला म्हणायची, विहीणबाईंचं मन मोठं आहे हं. अपा म्हणायची, आहेच मुळी.

"लोणी आलं म्हणून तिने पुन्हा गोळ्या पाठवल्या," बुर्माकान म्हणाली. "गोळ्या आल्या म्हणून मी पुन्हा लोणी."

"आणि तुम्ही एकही घेतली नाहीत."

"सामात म्हणाला, आई, या गोळ्या पोरं नशेला वापरतात, पोलिसाने बघितल्या तर पंचाईत होईल. म्हणून मी कपाटाला कुलूप घातलं. टाकून देता येईना. कुदागीने दिलेली वस्तू उकिरड्यावर टाकू? मला तर वाटायचं तिच्याकडे जास्तीच्या असतील. एवढ्या देतेय म्हणजे असतीलच." मग तिने शायरगुलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जास्तीच्या नव्हत्या?"

"नव्हत्या."

"म्हणजे तिच्याच?"

"तिच्याच. डॉक्टरांनी एका वेळी दोन सांगितल्या होत्या. ती एक खायची आणि एक तुम्हाला पाठवायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, औषधाचा उपयोग नाही, बंद करा. आता बंद आहे."

बुर्माकानने पिठाचा हात तोंडावर ठेवला.

शायरगुल रोज सकाळ-संध्याकाळ समोर बसून आईला औषध घेताना बघत आली होती. मूठ तोंडाकडे जाताना, वर पाण्याचा घोट घेताना. मुठीत एक आहे की दोन, हे कोण बघतं? डॉक्टरांनी विचारलं, रोज तीनदा घेता ना? अपा खोटं बोललीच नव्हती.

पुढे, अपा गेल्यानंतर, शायरगुलला राग यायचा तो कधी डॉक्टरांचा, कधी शिक्क्यांचा, कधी त्या लोण्याचा. पाळण्याच्या त्या दिवसानंतर अपाला एकच हिवाळा मिळाला होता. वाया गेलेले महिने त्याला जोडून बघायचं तिने बंद करून टाकलं. पण त्या दिवशी, त्या खोलीत, तिला एवढंच दिसत होतं की हे सगळं उचलायचं आणि आत्ताच्या आत्ता गाडीत घालायचं. तिने चळतीला हात घातला.

"नको!" बुर्माकानने तिचं मनगट धरलं. "असं नको. तू घेऊन गेलीस तर तिला कळेल मी खाल्ल्या नाहीत. आणि मी परत केल्या तर मी तिची देणगी फेकल्यासारखं होईल. या घरातून आलेली वस्तू परत गेली की उद्या लोक विचारतात, आता सून कधी परत पाठवताय?"

"माझ्या आईचे डोळे हलतायत, कुदागी. लोकांचं काय सांगता?"

"मला दिसतात तिचे डोळे. आत्ता बाळाला चाचपत होती ते बघितलं मी." तिने मनगट सोडलं. "मला थोडा वेळ दे. तू जा, वाडगे ने."

शायरगुलने वाडगे नेले. बैठकीत मांस वाटलं जात होतं. अपाच्या पुढ्यात मोठ्या मानाचा तुकडा आला होता आणि ती तो सुरीने नीट कापून शेजारणींना वाटत होती. स्वतःसाठी तिने काय ठेवलं हे शायरगुलने या वेळी बघितलं. थोडीशी चरबी.

बायका पांगल्यावर ती अपाजवळ जाऊन बसली. बाळ पाळण्यात झोपलं होतं. अपाचा हात पाळण्याच्या दांडीवर होता.

"तू एकच घेत होतीस."

अपाने कोण बोलतंय, काय बोलतंय असं काही विचारलं नाही. "तीनदा घेत होते," ती म्हणाली.

"दोन घ्यायच्या होत्या."

"एकाने बरं वाटत होतं मला."

"वाटत नव्हतं! डॉक्टरांनी तपासलं. काडीचा फरक नाही म्हणाल्या. मी तिकडे दुकानदारापुढे गर्दुल्ली ठरत होते, शाळेत काय काय ऐकत होते, आणि तू इथे वाटप मांडलं होतंस?"

"ओरडू नकोस, लेकरू झोपलंय. कुदागीची पापणी फडफडत होती."

"पापणी फडफडते आणि आपोआप थांबते, अपा. तुझं तसं आहे का?"

"तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आता सांगितल्यावर मी काय, बसून एकटी खाऊ? माझी मुलगी तिच्या घरात आहे. सकाळी चहाला उशीर झाला, भांडं फुटलं, पोर रडलं, तर त्या बाईने एकदा तरी मनात म्हणावं, जाऊ दे, हिची आई चांगली आहे. तेवढ्यासाठी मी दोन्ही डोळे दिले असते. तू बाहेर पडलीस सासरहून, तेव्हा तुझ्या सासूला मी काय दिलं होतं? काही नाही. तिने मागितलं नाही, मी दिलं नाही."

शायरगुलच्या ओठावर एकच वाक्य आलं होतं, तिने एकही खाल्ली नाही. ते तिने गिळलं.

निघायच्या वेळी व्याह्यांना कापड-चोपड देऊन पाठवायची रीत. बुर्माकानने सगळ्या पाहुण्यांसमोर अपाच्या खांद्यावर मखमलीचा नवा झगा घातला, डोक्याला रेशमी रुमाल बांधला. मग फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं एक गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुदागी, तुमच्या हातच्या औषधाने माझी पापणी बरी झाली! महिनाभर झोप नव्हती, तुमच्यामुळे मिळाली. आता मीही तेच औषध मिळवलंय, आणि हे माझ्याकडून तुम्हाला. माझ्या डोळ्यांना जे लागू पडलं ते तुमच्या डोळ्यांनाही लागू पडो. परत केलंत तर मी तुमच्या घरी पाऊल ठेवणार नाही."

जमलेले म्हातारे ओमीन, म्हणजे तथास्तु, म्हणून तोंडावरून हात फिरवते झाले.

अपाचा चेहरा असा फुलला की शायरगुलने तसा तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. गाडीत बसल्यावर ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "बघितलंस? बरी झाली ती. आणि तू माझ्यावर ओरडत होतीस."

"हो," शायरगुल म्हणाली.

"एका बाईला बरं केलं मी."

"हो, अपा."

दुसऱ्या दिवशी शायरगुलने शाळेच्या व्हरांड्यातून डॉक्टरांना फोन लावला. तामारा इसायेव्नांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी इतके महिने तपासत काय होते?"

"अर्धं औषध."

"मी लिहून ठेवलंय, उपयोग नाही म्हणून. माझी सही आहे त्याच्यावर." मग त्या रागावल्या, पण कुणावर रागवावं हे त्यांनाही ठरवता येईना. "मी विचारलं, घेता का. सगळ्या घेता का असं विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारायला शिकवत नाहीत. पट्ट्यांवरची तारीख बघा, उलटून गेलेल्या फेकून द्या. एकदम दोनवर जाऊ नका, एकीपासून सुरू करून हळूहळू चढवा. रात्री एकटीला उठू देऊ नका. गुंगी वाढली, पडल्या, तर लगेच कळवा."

"पुढची चिठ्ठी?"

"त्यासाठी यावं लागेल. त्रिकोणी शिक्का फोनवरून उमटत नाही."

या वेळी शायरगुल प्रत्येक गोळी स्वतः अपाच्या तळहातावर ठेवू लागली आणि मूठ उघडून बघू लागली. अपा म्हणे, "तुरुंगात पण एवढी झडती घेत नाहीत." दुपारच्या गोळीसाठी ती मधल्या सुट्टीत शाळेतून पळत घरी येई. सुरुवातीला अपा सारखी झोपे. जेवताना चमचा हातात धरून झोपे. भिंतीला धरून चाले. शायरगुलला वाटलं, हेही गेलं हातचं. डॉक्टरांना कळवावं का, या विचारात ती असतानाच गुंगी थोडी ओसरली. अपा एक दिवस खिडकीशी बसून म्हणाली, "समोरच्यांच्या छपरावर दोन कबुतरं आहेत की एकच?"

"दोन आहेत."

"खरंच दोन आहेत?"

"खरंच दोन, अपा."

"मग बरोबर दिसतंय मला."

थरथर पूर्ण गेली नव्हती. डोळे अजून झुलत, पण कमी. सरळ बघितलं, आणि फार वेळ नाही बघितलं, तर वस्तू जागेवर राहत. तेवढ्यानेच अपा घरभर हिंडून वस्तू बघू लागली. मिठाचं भांडं उचलून म्हणाली, "याला तडा गेलाय. कधी गेला?" भिंतीवरचा गालिचा बघून म्हणाली, "हा धुवायला झालाय. शेजारणी येऊन बसतात आणि कुणी तोंडातून शब्द काढत नाही."

बाळाला चाळीस दिवस झाल्यावर जाझगुल आणि सामात त्याला घेऊन माहेरी आले. बर्फ पडून गेलं होतं, खिंडीत गाडी अडकली होती, दोघं गारठून गेले होते. अपाने कुणाला चहासुद्धा विचारला नाही. "आण इकडे," ती म्हणाली.

बाळ जागं होतं. अपाने त्याला खिडकीच्या उजेडात धरलं. मान वाकडी केली नाही, डोळा मिटला नाही. किती वेळ पाहत राहिली कुणास ठाऊक. जाझगुलने ओढणीत तोंड खुपसलं. बाळाने जांभई दिली तेव्हा अपानेही तोंड उघडलं.

"नाक आपल्याकडचं नाही," ती शेवटी म्हणाली. "सामात, पुढे ये."

जावई पुढे येऊन गुडघ्यावर बसला. अपाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हं. नाक तुझंच. अरे, मला वाटलं होतं तू देखणा असशील."

"अपा!" जाझगुल ओरडली.

"नाही, ठीक आहे. कान चांगले आहेत." तिने त्याचं कपाळ धरलं आणि नेमकं तिथेच, मधोमध, मुका घेतला. सामातला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, त्यामुळे तो काहीच धड करू शकला नाही.

मग अपा शायरगुलकडे वळली. "तू इकडे ये."

"चहा ठेवते."

"आधी इकडे ये."

शायरगुल जवळ जाऊन बसली. अपाने तिची हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवलं. कानाजवळ बोट लावलं. "हे केस कधी पांढरे झाले?"

"झाले हळूहळू."

"मला कुणी सांगितलं नाही."

तूही मला सांगितलं नव्हतंस, हे शायरगुलच्या ओठावर आलं होतं. तिने केस रुमालाखाली सारले.

"बिश्केकच्या फेऱ्यांनी झाले असतील," अपा म्हणाली. मग स्वतःशीच मान डोलावत, समाधानाने, "पण कुदागी बरी झाली आणि मीही. एका औषधात दोघी. सगळं मीच खाल्लं असतं तर तिचं काय झालं असतं?"

शायरगुल उठली. किटली भरली, चुलीवर जरा जास्तच जोरात ठेवली. झाकण खाली पडून गोल फिरत राहिलं, ते तिने पायानेच थांबवलं.

"चिडलीस?" मागून अपाने विचारलं.

"नाही."

"मला दिसतंय आता," अपा म्हणाली.